दंडाची पावती

दंडाची पावती सहसा कुणी जपून ठेवत नाही. पैसे भरायचे, कागद खिशात कोंबायचा आणि झाला प्रकार विसरून जायचा, हीच रीत. पण जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतल्या दलितवस्त्यांमध्ये अशी घरं आहेत, जिथं ही पावती देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखी सांभाळलेली असते. लग्नात आलेली पत्र्याची पेटी उघडली जाते. तिच्या तळातून प्लास्टिकची पिशवी निघते, पिशवीतून दुसरी पिशवी आणि तिच्यातून घडीवर विरलेला, पिवळा पडलेला कागद. त्यावर तलाठ्याची सही, गट नंबर, पिकाचं नाव आणि सरकारी जमिनीवर अतिक्रमण केल्याबद्दल वसूल केलेल्या दंडाची रक्कम. शाई उडालेली असते. तरी गट नंबर घरातल्या लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही तोंडपाठ असतो.

गुन्ह्याचा हा कागद या घरांना पुराव्याचा कागद वाटतो, कारण जमीन आपण कसत होतो हे सांगणारं दुसरं काहीच त्यांच्याकडं नाही. सातबारावर नाव नाही, फेरफार नाही, खातेपुस्तिका नाही. सरकारनं ज्या कागदावर ‘तुम्ही बेकायदा पेरलं’ असं लिहिलं, त्याच कागदानं ‘तुम्ही पेरलं’ हेही लिहून दिलं. ही पावती लोकांच्या हाती कशी आली, याची गोष्ट नाशिक जिल्ह्यातल्या एका धोतर नेसणाऱ्या माणसापर्यंत जाते. भाऊराव कृष्णाजी गायकवाड हे त्यांचं नाव. लोक त्यांना दादासाहेब म्हणत.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२चा, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. मोठी पदवी त्यांच्याकडं नव्हती, पण माणसं उभी करण्याची विलक्षण हातोटी होती. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष येऊन बसले. त्या सत्याग्रहाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि समितीचे सचिव भाऊराव. त्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, सत्याग्रही रक्तबंबाळ झाले, तरी माणसं हटली नाहीत. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तेव्हा नाशिकची आघाडी भाऊरावांनीच धरून ठेवली. हा लढा १९३५पर्यंत चालला आणि मंदिराचं दार तेव्हा उघडलं नाही.

मार्च १९३४मध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहून मंदिरप्रवेशाचा लढा आता थांबवावा, असं कळवलं. आपल्या माणसांनी मूर्तिपूजक व्हावं किंवा देवळात गेल्यानं ती समान होतील, म्हणून आपण ही चळवळ केली नव्हती. माणसाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्याच्या अंगात बळ यावं, एवढ्यासाठी ती होती. आता शक्ती शिक्षणाकडं आणि राजकारणाकडं वळवायला हवी, असा त्या पत्राचा आशय होता. ज्या माणसानं चार वर्षं त्या दारात काढली, त्याच्या हातात हे पत्र पडलं. भाऊराव रुसले नाहीत की खचले नाहीत. पुढं १९३५मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, तेव्हाही ते बाबासाहेबांच्या सोबतच होते. माझ्या मते दादासाहेबांचं मोठेपण नेमकं इथं आहे. एक दार उघडत नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरं दार शोधलं, आणि ते दार शेताच्या बांधावर होतं.

आता मराठवाड्याकडं वळू. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात. त्याही आधी, सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईपर्यंत, हा सगळा टापू निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात सभा घ्यायची तर परवानगी लागे, संघटना काढायची तरी परवानगी लागे. अशा काळात कन्नड तालुक्यात मकरणपूर इथं ३० डिसेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली दलितांची परिषद भरली. ती भरवणारे भाऊसाहेब मोरे हे मराठवाड्यातल्या आंबेडकरी चळवळीचे पहिल्या फळीतले नेते. निजामाच्या राज्यात दलित माणूस दोन ओझी वाहत होता, एक राजाचं आणि दुसरं गावाचं. पोलीस कारवाईनंतर राजाचं ओझं उतरलं. गावाचं मात्र तसंच राहिलं, कारण ते जमिनीवर उभं होतं.

गावातली जमीन कुणाच्या ना कुणाच्या नावावर असते. जी कुणाच्याच नावावर नसते ती सरकारची: पडीक, खडकाळ, ओढ्याकाठची, आणि गावच्या जनावरांना चरण्यासाठी राखून ठेवलेली. या चराऊ जमिनीला आपण गायरान म्हणतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम २२नुसार अशी जमीन चराईसारख्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवता येते. मालकी सरकारची, वापर गावाचा. पण गाव म्हणजे कोण? ज्याच्या दावणीला दहा जनावरं, त्याचं गायरान दहापट मोठं. ज्याच्याकडं शेळीही नाही, त्याला त्या गायरानाचा उपयोग मेलेलं ढोर टाकायला आणि सरपण वेचायला. ढोर ओढून टाकण्याचं कामही त्याच्याच वाट्याला आलेलं. म्हणजे गायरान गावाचं असलं, तरी त्यावर पाय झिजवले ते महारवाड्यानं आणि मांगवाड्यानं.

१९५३ साली बाबासाहेबांच्या पक्षानं, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननं, मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तो याच जमिनीवर. बाबासाहेब हयात होते आणि त्यांच्याच सांगण्यावरून हा लढा उभा राहिला. सुमारे १७०० माणसं तुरुंगात गेली. आकडा आज लहान वाटेल. पण सालदारकी करणाऱ्या माणसानं मालकाच्या डोळ्यांदेखत सरकारी पडीत औत घालायचं, आणि तेही आपल्याच घरचं बी घेऊन, हे त्या काळात काय होतं याचा अंदाज ज्यानं गाव पाहिलंय त्यालाच येईल. सालदाराच्या उधारीचा हिशेब मालकाकडं असतो. पिण्याचं पाणी मालकाच्या विहिरीवरचं. घर गावठाणाच्या कडेला, तिथून शेताची वाटही मालकाच्या बांधावरून. औत घातलं त्या दिवशी या सगळ्या वाटा एकदम बंद होत. तुरुंग त्या मानानं सोपा होता.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी आपली एक खंत बोलून दाखवली. शिकलेला वर्ग पुढं गेला, पण खेड्यातल्या भूमिहीन माणसासाठी आपल्याला पुरेसं करता आलं नाही आणि आता त्याच्यासाठी झटायचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी ६ डिसेंबरला ते गेले. हे अपुरं राहिलेलं काम दादासाहेबांनी आपलं मानलं. ऑक्टोबर १९५७मध्ये नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. त्याच वर्षी दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले होते. आणि १९५९मध्ये त्यांनी खानदेश-मराठवाड्यात पुन्हा भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. या वेळी हजारो लोक जेलमध्ये गेले. बायका कडेवर पोरं घेऊन गेल्या. जागा पुरेना, तेव्हा सरकारला तात्पुरती सोय करावी लागली.

इथं पक्षाच्या आतली एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आजही संपलेली नाही. जमिनीचा प्रश्न हा कम्युनिस्टांचा, आपला प्रश्न घटनेतल्या हक्कांचा आणि नोकऱ्यांतल्या जागांचा, असं म्हणणारा एक शिकलेला गट पक्षात होता. बी. सी. कांबळे यांचा वेगळा ‘दुरुस्त’ गट याच काळात निघाला. दादासाहेबांच्या धोतरावरून, त्यांच्या कमी शिक्षणावरून बोललं गेलं. मला हा वाद बुद्धी विरुद्ध अडाणीपणा असा कधीच वाटला नाही. आंबेडकरी चळवळीतली बहुसंख्य माणसं तेव्हा शेतमजूर होती. राखीव जागेची नोकरी मिळवायची तर पोरानं आधी मॅट्रिक व्हायला हवं, त्यासाठी ते शाळेत टिकायला हवं आणि शाळेत टिकण्यासाठी घरात दोन वेळचं असायला हवं. त्या पहिल्या पायरीवर उभं राहून दादासाहेब बोलत होते. शहरातल्या वकिलाला जे मागासलेलं वाटलं, ते खेड्यातल्या बाईला अगदी बरोबर कळलं होतं. जेलभरोत बायकांची संख्या उगाच एवढी नव्हती.

सगळ्यात मोठा सत्याग्रह झाला तो १९६४-६५मध्ये. दादासाहेब तेव्हा राज्यसभेत होते. १ ऑक्टोबर १९६४ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्याकडं मागण्यांचा मसुदा गेला आणि ६ डिसेंबरपासून, म्हणजे बाबासाहेबांच्या स्मृतिदिनापासून, देशभर सत्याग्रह सुरू झाला. नाशिककडं शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्त्या पुढं होत्या. तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करून घेतली, असं पक्षानं सांगितलं. आजच्या वाचकानं त्या मागण्या नीट पाहाव्यात. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. कसेल त्याला जमीन द्या. पडीक जमीन भूमिहीनांना द्या. धान्याचे भाव आवाक्यात ठेवा. झोपडपट्टीत राहणाऱ्यांची हालत सुधारा. किमान वेतनाचा कायदा पाळा. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या. अस्पृश्यताविरोधी कायद्याची अंमलबजावणी करा.

तैलचित्र आणि धान्याचे भाव एकाच कागदावर आहेत. दादासाहेबांना त्यांत विसंगती दिसली नाही. माणसाचा मान आणि माणसाचं पोट वेगवेगळ्या खात्यांत टाकणारा हिशेब त्यांनी मान्यच केला नाही. त्याच दशकात अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग मतदानाच्या आणि बसमधल्या समान वागणुकीच्या हक्कासाठी लढून पुढं गरिबांच्या रोजगाराकडं वळले होते. १९६८मध्ये मेम्फिसला त्यांची हत्या झाली, तेव्हा ते सफाई कामगारांच्या संपासाठी गेलेले होते. दोन खंडांतले दोन लढे शेवटी एकाच ठिकाणी पोहोचले, हे लक्षात घेण्याजोगं आहे. १९६४च्या मागण्यांपैकी तैलचित्र १२ एप्रिल १९९०ला लागलं. बौद्धांना केंद्रात सवलती मिळाल्या त्याही १९९०मध्येच. दादासाहेब हे पाहायला नव्हते. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं निधन झालं.

जमिनीचं काय झालं? तुकड्यातुकड्यानं झालं. काही गावांत पट्टे मिळाले, बऱ्याच गावांत नाहीत. पण एक गोष्ट झाली, जी कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेली नाही. मराठवाड्यातल्या भूमिहीनाची भीड चेपली. गायरानात पेरता येतं, त्यासाठी जेलमध्ये जाता येतं आणि जेलमधून परत येऊन पुन्हा पेरता येतं, हे गावोगाव माहीत झालं. १९७२च्या दुष्काळानं होतं नव्हतं ते सालही मोडलं, तेव्हा लोक गायरानाकडं वळले. बोरी-बाभळी तोडल्या. दगड वेचून त्याच दगडांचे बांध घातले. बरड रानात पहिल्या वर्षी हातात काही येत नाही. दुसऱ्या वर्षी थोडी बाजरी, थोडे मूग. तूर धरायला जमीन तिसऱ्या-चौथ्या वर्षी तयार होते. दरम्यान तलाठी येतो, पंचनामा करतो, महसूल संहितेच्या कलम ५०खाली नोटीस निघते, दंड होतो. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ई नावाची एक वही असते, अतिक्रमणांची. त्यात नाव चढतं. ज्याचं नाव सातबारावर कधीच चढलं नाही, त्याचं नाव या वहीत चढलं.

हे सोपं नव्हतं. उभ्या पिकात जनावरं सोडली गेली, वस्तीवर बहिष्कार पडले, मारहाणी झाल्या. २७ जुलै १९७८ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावागावांत दलितवस्त्या पेटल्या. वाद विद्यापीठाच्या नावाचा होता. पण ज्यांच्या झोपड्या जळाल्या त्यांतले बहुतेक विद्यापीठाची पायरीही न चढलेले मजूर होते. डोकं वर काढणारा माणूस गावाच्या डोळ्यांवर आला होता, आणि डोकं वर काढण्याची खूण म्हणजे बहुतेक ठिकाणी पोराची शाळा किंवा गायरानातलं पीक. नामविस्तार अखेर १४ जानेवारी १९९४ला झाला.

या सगळ्यातून राज्याचे दोन महत्त्वाचे निर्णय निघाले. पहिला डिसेंबर १९७८चा, दुसरा २८ नोव्हेंबर १९९१चा. दुसऱ्या निर्णयानुसार अनुसूचित जाती-जमाती आणि इतर पात्र भूमिहीनांची १४ एप्रिल १९९०पूर्वीची शेतीची अतिक्रमणं नियमित करायची होती. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा हा दिवस. आणि तेव्हा ती पत्र्याची पेटी उघडली गेली. पुरावा काय? दंडाची पावती. १-ई मधली नोंद. कोर्टातली तारीख. पोलिसात दाखल झालेल्या गुन्ह्याची प्रत. ज्याच्या बापाला अटक झाली होती, त्याच्याकडं कागद होता. ज्याला नुसतंच हाकलून लावलं होतं, त्याच्याकडं काही नव्हतं.

हा लढा नव्वदच्या दशकात मराठवाड्यात पुन्हा पेटवला तो एकनाथ आवाड यांनी. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या दुकडेगावचे, पोतराजाच्या घरात जन्मलेले. लोक त्यांना जिजा म्हणत. बापाच्या डोक्यावरच्या पोतराजकीच्या जटा त्यांनी कापल्या, ही हकिकत त्यांच्या आत्मकथनामुळं महाराष्ट्राला माहीत झाली. ठाणे जिल्ह्यातल्या वेठबिगारांच्या मुक्तीच्या कामात ते घडले आणि मराठवाड्यात परतल्यावर त्यांनी मानवी हक्क अभियान उभं केलं. संघटनेच्या नावात त्यांनी ‘दलित’ नव्हे, ‘मानवी हक्क’ हा शब्द घेतला, आणि तो गायरानाच्या बांधावर नेऊन रोवला. मांग, महार, भटके, पारधी यांना एका रांगेत बसवून जमिनीचे दावे भरून घेणं हे त्यांच्या कामाचं रोजचं रूप होतं. २५ मे २०१५ला जिजा गेले. दादासाहेबांनी ज्याला सत्याग्रह म्हटलं, त्याला जिजांनी अर्जाचा नमुना, वकील आणि पाठपुरावा यांची जोड दिली. दोन्हींची गरज होती.

एक प्रश्न इथं प्रामाणिकपणे घ्यायला हवा. गायरान सगळंच नांगरलं तर जनावरं चरायची कुठं? मेंढपाळ जाणार कुठं? हा प्रश्न खरा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ला जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले, ते याच काळजीपोटी. पण त्याच निकालात भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयानं दिलेल्या जमिनींचा अपवादही नोंदवलेला आहे. अंमलबजावणीच्या वेळी निकालाचा पहिला भाग सगळ्यांना आठवतो, दुसरा कुणाला आठवत नाही. गायरानावर गावातल्या बड्यांचे गोठे आहेत, संस्थांच्या इमारती आहेत आणि भूमिहीनाची दोन एकर तूरही आहे. तिन्हींना एकच नोटीस बजावणं याला मी न्याय म्हणणार नाही. २०२२मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानधारकांना नोटिसा निघाल्या, तेव्हा सर्वात आधी घाबरला तो तुरीवालाच. आता सौर कृषी वाहिनीच्या प्रकल्पांसाठी सरकारी गायरानं लागतात. वीज हवीच आहे, शेतकऱ्याला दिवसा हवी आहे. पण ज्या रानातले दगड दोन पिढ्यांनी वेचले, ते कागदावर ‘रिकामं’ दिसतं, एवढ्यावर ते देऊन टाकू नये.

सातबारा नसण्याचा अर्थ शहरातल्या वाचकाला चटकन कळत नाही. जालना हा वारंवार दुष्काळ सोसणारा जिल्हा. पाऊस गेला की अनुदान येतं, ते सातबारावर. पीकविमा, बँकेचं पीककर्ज, पंतप्रधान किसानचे वर्षाचे सहा हजार, सगळं सातबारावर. गायरानधारकाचं पीक तेवढंच जळतं, पण शासनदरबारी त्याचं काहीच जळालेलं नसतं. म्हणून दिवाळी झाली की तो कोयता घेऊन उसाच्या फडावर जातो, आणि पोराची शाळा सुटते.

दादासाहेबांच्या नावानं राज्यात २००४पासून एक योजना आहे: कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन विकत घेऊन द्यायची. आधी निम्मं अनुदान आणि निम्मं कर्ज होतं, २०१८पासून शंभर टक्के अनुदान आहे. योजना चांगली आहे. अडचण अशी, की सरकारनं ठरवलेल्या दरात विकायला कुणी तयार होत नाही. समृद्धी महामार्ग आणि ड्रायपोर्ट आल्यावर जालन्याच्या जमिनींचे भाव कुठं गेले, हे इथल्या कुणालाही विचारावं.

तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी आजोबांच्या नावाची अशी पावती असेल, तर ती जुनी म्हणून टाकू नका. तिच्या दोन झेरॉक्स काढा, मूळ कागद कोरड्या जागी ठेवा. तलाठ्याकडं जाऊन १-ई मधल्या नोंदीची नक्कल लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाची पोच घ्या. पावतीवरची तारीख १४ एप्रिल १९९०च्या आधीची असेल, तर तिच्यासाठी कुणीतरी जेलमध्ये गेलेलं आहे.